आतून फिरणारं फडकं

१

रोज सकाळी चहा झाला की सुकदेवनाना गाडी घासायला बसत. बसत म्हणजे खरोखरच बसत. लाकडी पाट पोर्चमध्ये नेऊन ठेवायचे, रबिंगची, म्हणजे रंग घासून चमकवायच्या मलमाची, डबी मांडीशी, पाण्याची बाटली चाकाला टेकवलेली, खांद्यावर एक ओलं फडकं आणि हातात एक कोरडं. जळगावच्या पिंप्राळ्यात ऊन लवकर चढतं. पत्रा तापला की रबिंग जागच्या जागी वाळतं आणि मग खरवडून काढावं लागतं. म्हणून ऊन पायरीपर्यंत यायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं. आज दार, उद्या मडगार्ड, परवा बोनेटचा अर्धा भाग, अशी त्यांची पद्धत.

गाडी दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, जुनी, काळी. काळी आपली म्हणायची. बरीच वर्षं उन्हात उभी राहून तिचा टप आणि बोनेट राखेसारखे झाले होते. नानांचा जन्म एसटीच्या स्टेअरिंगवर गेला. स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच गाडी, आणि तीही रिटायर झाल्यावर. दिपमालाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे फार बरं वाटलं. बाकीचे रिटायर ड्रायव्हर स्टॅंडसमोरच्या टपरीवर जाऊन बसतात. आपला माणूस निदान डोळ्यांसमोर आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

वृषाली त्यांची एकुलती मुलगी. बी.एस्सी. होऊन घरी शिकवण्या घ्यायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची, मांजर पायरीवर आलं तरी दचकायची. घरात त्याची थट्टा होती. नाना म्हणायचे, हिला एसटीत बसवलं तर हिच्यापायी हॉर्न वाजवायची चोरी.

एकदा तिने विचारलं होतं की ही डबी चोपडली की चमक येते कशी. नानांनी हात थांबवला. बोलताना ते गावाकडचं आणि शहरातलं एकात एक मिसळायचे.

"चोपडनं नाही, माय, काढनं शे. ओरखडा काही भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्याइतका खाली आणायचा, मग ओरखडा दिसत नाही. जितका खोल ओरखडा, तितकं जास्त काढनं पडस."

आणि पुन्हा घासायला लागले. उजवा हात गोल गोल फिरायचा. तो हात डाव्यापेक्षा कितीतरी काळा होता. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीतून जन्मभर ऊन खाल्लेला. मनगटाच्या वर हिरवट अक्षरांत सुकदेव असं गोंदलेलं होतं. कपाळावर समोरची काच फुटली होती तेव्हाची खूण. डोळ्यांच्या कडांना रस्त्याकडे बघून बघून पडलेल्या सुरकुत्या. वृषालीला हा चेहरा एवढा पाठ होता की ती त्याच्याकडे कधी नीट बघायचीच नाही.

२

त्या दिवशी गाडीचं मागचं दार घासून झालं होतं. वृषाली दुसऱ्यांदा चहा घेऊन बाहेर आली. नानांनी एका हातात कप घेतला, दुसऱ्याने गळ्याचा घाम पुसला. फडकं त्यांच्या मांडीवर पडलेलं होतं.

त्या दाराच्या पत्र्यात सगळं लख्ख दिसत होतं. पोर्चचं छत, गेट, पाटावर बसलेले नाना, त्यांच्यामागे उभी असलेली ती. आणि दारातला हात अजून फिरत होता.

गोल, गोल, सावकाश. फडक्यासकट.

तिच्या हातातला ट्रे वाजला. नाना हसले, म्हणाले की काय झालं आता, पाल का? तिने दाराकडे पुन्हा पाहिलं तेव्हा दारात नाना चहा पीत होते.

ती आत गेली आणि भांडी घासता घासता स्वतःची समजूत घालत राहिली. दाराचा पत्रा फुगीर असतो, त्यात सगळं वाकडं दिसतं. समोरच्यांच्या दोरीवर टॉवेल वाळत होता, तोच हलला असणार. रात्री नीट झोप झाली नव्हती. एवढी तीन कारणं मिळाल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण वारा अजिबात नव्हता, हे तिला मधेच आठवलं, आणि मग तिने नळ मोठा केला.

३

शेजारचे अभिमनकाका नानांच्याच डेपोतले, कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. गेटवर हात टेकवून बराच वेळ ते नुसते बघत राहिले आणि मग दिपमालाबाईंना म्हणाले, "वहिनी, हाऊ मानूस रिटायर व्हयना का जवान व्हयना?"

सगळे हसले. नानाही हसले. खरोखरच नाना उजळले होते. जो येई तो तेच म्हणे. ड्युटी सुटली, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, चेहऱ्यावर तेज आलं. दिपमालाबाई लाजून म्हणायच्या की मी काही वेगळं घालत नाही हो यांना, आपली भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा.

वृषालीच्या मात्र हसता हसता लक्षात आलं की नानांच्या कपाळावरची खूण दिसत नाही.

ती जवळ गेली. केस वर करून पाहिलं. कपाळ गुळगुळीत होतं, पुसट रेघसुद्धा नव्हती. तिने आईला दाखवलं. आई म्हणाली की म्हातारपणी खुणा मावळतात. तिने नानांना विचारलं. नानांनी कपाळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कसली खूण?"

ते गंमत करत असतील असं तिला वाटलं. काच फुटल्याची गोष्ट ते दर पाहुण्याला सांगायचे. रक्त डोळ्यांत जात असताना बस बाजूला कशी घेतली, एक म्हातारी कशी त्यांच्या डोक्याला पदर बांधून बसली. तिने गोष्ट सुरू करून दिली. नाना शेवटपर्यंत ऐकत राहिले, दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसे, आणि शेवटी म्हणाले की अरेरे.

मग ती रोज बघू लागली. डोळ्यांच्या कडा सपाट झाल्या. उजवा हात डाव्याच्या रंगाचा झाला. गोंदणातली अक्षरं आधी कडांना पुसट झाली आणि मग मधून. त्या हातावर उजेड पडला की कातडी चमकायची, तेल लावल्यासारखी. तेल कोणी लावलेलं नव्हतं.

४

दुपारी सगळी कॉलनी दारं लावून झोपायची. त्या उन्हात कुत्रीसुद्धा गटारीत उतरून पडायची. कूलरच्या घरघरीत नाना पुढच्या खोलीत पलंगावर झोपलेले, आई आतल्या खोलीत, आणि वृषाली नानांच्या पायाशी पुस्तक घेऊन.

लाईट गेली. कूलर थांबला.

थांबल्यावर जी शांतता व्हायला हवी होती ती झाली नाही. पोर्चमधून आवाज येत होता. खस्स. खस्स. खस्स. कापडाचा पत्र्यावर फिरतानाचा. आत्तापर्यंत हा आवाज कूलरखाली दबलेला असणार. कधीपासून चालू होता, कोण जाणे.

तिने नानांकडे पाहिलं. ते पाठीवर झोपले होते, दोन्ही हात छातीवर. छाती वरखाली होत होती, त्याच लयीत.

कोणी तरी गाडी पुसत असेल, तिने मनात म्हटलं. पण कोण, आणि या उन्हात? तिने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, मग मनाचा हिय्या करून कडी काढली.

पोर्चमध्ये कोणी नव्हतं. गाडीवर कव्हर होतं, नानांनी सकाळी घातलेलं, खालची नाडी बांधलेली. कव्हर हलत नव्हतं. आवाज कव्हरच्या आतून येत होता.

तिने वाकून नाडी सोडली आणि पुढच्या दारावरचं कव्हर हातभर वर केलं. हे दार अजून व्हायचं होतं. नानांनी त्याला हात लावला नव्हता, उद्या करू म्हणाले होते. राखेसारख्या त्या पत्र्यात मधोमध थाळीएवढा गोल काळाभोर, लख्ख झाला होता. आणि ती बघत असतानाच त्या गोलाची कड थोडी सरकली. मग अजून थोडी. काळं वाढत होतं. वरून काही फिरत नव्हतं. पत्र्याच्या आतल्या अंगाने कोणीतरी घासत होतं.

कव्हर तिच्या हातातून सुटलं. ती घरात धावली, कडी लावली, आणि नानांच्या पलंगाला पाठ लावून खाली बसली. लाईट आल्यावर कूलर सुरू झाला आणि आवाज पुन्हा त्याच्याखाली गेला.

५

यानंतर तिने जे जे केलं त्याचा काही उपयोग झाला नाही.

फडकी तिने लपवली, डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. नानांनी तक्रार केली नाही. ते पाट घेऊन गाडीसमोर नुसते बसून राहायचे. चमक तरीही वाढत गेली. पुढचं दार पूर्ण झालं, टप झाला. आई म्हणाली, बघ, तू उगाच डबी फेकलीस, लपूनछपून करतातच ते.

नानांचं बोलणंही बदललं. आधी गावाकडचं बोलणं गेलं. माय म्हणणं गेलं. एकदम स्वच्छ बोलू लागले, रेडिओवर बातम्या सांगतात तसं. पाणी दे म्हणायच्या ऐवजी पाणी मिळेल का म्हणायचे. अभिमनकाकांनी एका संध्याकाळी त्यांची फिरकी घेतली, म्हणाले की साहेब, जळगाव ते धुळे, गाडी कुठून कुठून जाणार? नाना ही ओळ झोपेतही म्हणायचे. पाळधी, ते म्हणाले. एरंडोल. मग थांबले. हसतच राहिले. पारोळ्याचं नाव त्यांच्या तोंडात आलं नाही. काकांचं हसू मावळलं आणि ते लवकर घरी गेले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ब्लडप्रेशर पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, डोक्याचा फोटो काढायला लावला. सगळं उत्तम निघालं. या वयात अशी त्वचा आपण पाहिलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. विसरण्याबद्दल म्हणाले की आता असंच चालणार, घरच्यांनी सांभाळून घ्यायचं. वृषालीने पोर्चमधल्या आवाजाचं सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि तुम्हाला झोप लागते का, असं विचारलं.

रिक्षात आई म्हणाली, "लोकांसमोर तरी असं बोलत नको जाऊ. तुझं बघू का यांचं बघू?"

 वृषालीच्या शेजारी नाना रस्त्याकडे बघत होते, पहिल्यांदाच जळगावात आल्यासारखे. आपले वडील आपल्यासमोर एकेक थर उतरत चाललेत, आणि हे जगात एकट्या आपल्याला दिसतंय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

६

चमक आहे म्हणून ते आतलं घासणं आहे, असं तिने ठरवलं. चमकच घालवली तर?

आई बाजाराला गेली होती. नाना आत जेवत होते. वृषालीने कपाटाची मोठी किल्ली घेतली, पुढच्या दाराशी गेली आणि हँडलपासून खालपर्यंत ओढली. पत्रा किंचाळला. ती थांबली नाही. पुन्हा ओढली, आडवी, तिरपी, रंग सोलून खालचा पांढरा पत्रा दिसेपर्यंत. मग किल्ली ओढणीत लपवून आत आली.

नाना ताटावर तसेच बसले होते. घास हातात होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत बऱ्याच दिवसांनी काहीतरी ओळखीचं, दुखावलेलं होतं. "गाडीले काय कऱ्हं, माय?" ते म्हणाले.

तिला रडूच कोसळलं. जमलं, असं वाटलं. ते परत आले असं वाटलं.

आवाज त्याच दुपारी सुरू झाला. यावेळी कूलर चालू असतानाही ऐकू येत होता. सावकाश नव्हता. खस्सखस्सखस्स, जोर लावून, एकाच जागी, ज्याला घाई आहे अशा माणसाचा. नाना झोपेत कण्हत होते. वृषालीने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. हात गरम होते, पत्रा घासून घासून गरम होतो तसे, आणि तिच्या पकडीतून निसटत होते, कारण धरायला त्यांना काही खरखरीतपणाच उरला नव्हता. पहिल्यांदा तेव्हा तिला नानांचं ते बोलणं आठवलं. ओरखडा जितका खोल, तितकं जास्त काढावं लागतं.

तिने हाका मारल्या. आईला, काकांना. आई आली, म्हणाली की कुठला आवाज गं?

संध्याकाळी दारावर एकही रेघ नव्हती. पलंगावर नाना उठून बसले. चेहरा तुळतुळीत, भुवयासुद्धा विरळ झालेल्या. ते उभे राहिले, वृषालीला बघून नमस्कार केला, आणि खुर्ची पुढे सरकवली.

"आपण बसा ना," ते म्हणाले. "घरचे लोक येतीलच इतक्यात."

७

सकाळी त्यांना पोर्चमध्ये खुर्चीवर बसवायचं, दुपारी आत आणायचं, एवढंच काम उरलं. नेलं तिकडे जायचे, दिलं ते खायचे. दिपमालाबाई त्यांना भरवताना खाली मान घालायच्या. 

अशाच एका सकाळी नाना खुर्चीत होते आणि वृषाली त्यांच्या शेजारी पाटावर. समोर गाडीचं पुढचं दार. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण माणूस किती वेळ दुसरीकडे बघेल? तिने पाहिलं.

दारात छत होतं, गेट होतं, पाटावर ती होती. शेजारी खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती.

आणि अगदी जवळ, पत्र्याला नाक लागेल इतक्या जवळ, आतल्या बाजूने नाना बसलेले होते.

तिचे नाना. कपाळावर खूण. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं. काळा उजवा हात आणि त्यावर हिरवट अक्षरं, ठसठशीत. ती सुलट वाचता येत होती. प्रतिबिंबात अक्षरं उलटी दिसतात, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. ती सुलट होती.

ते घासत होते. पण चमक आणायला नव्हे. पावसात काचेवर वाफ धरली की ड्रायव्हर पुढचं दिसावं म्हणून तळहाताने काच पुसतो, तसे ते पुसत होते. तिचा चेहरा दिसावा म्हणून. मग थांबून बघायचे, आणि दिसला नाही की पुन्हा पुसायचे. त्यांचे ओठ हलत होते. आवाज मात्र नुसता कापडाचा येत होता.

तिने शेजारी पाहिलं. खुर्चीतला तुळतुळीत माणूस रस्त्याकडे बघून मंद हसत होता.

८

तिने आईला बाहेर आणलं, हाताला धरून दारासमोर बसवलं. दिपमालाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाल्या की मला माझंच तोंड दिसतंय. त्या दिवसापासून त्या पोर्चमध्ये आल्या नाहीत. झाडायलासुद्धा नाहीत.

अभिमनकाकांनी शिरपूरचं एक गिऱ्हाईक आणलं. गाडी अशी ठेवलेली आपण बघितली नाही, असं तो माणूस सारखा म्हणत होता. घरातून आईने खूण केली की देऊन टाक. वृषाली दाराला पाठ लावून उभी राहिली आणि गाडी विकायची नाही म्हणाली. काकांना वाईट वाटलं. पण गाडी गेली तर आतले नानाही जातील, हे ती कोणाला सांगणार होती?

मग वारा सुटला. खानदेशातला उन्हाळ्याचा कोरडा वारा, रिकाम्या शेतांतली माती उचलून आणणारा. दारं लावून घेतली तरी ती पिठाच्या डब्यापर्यंत जाते. सकाळी वृषाली पोर्चमध्ये आली तेव्हा गाडीवर मातीचा थर होता. दार मळकं झालं होतं. आत काही दिसत नव्हतं. कान लावला तर आवाजही येत नव्हता.

तिने ओढणीच्या टोकाने धूळ उडवली. धूळ गेली, पण बारीक रेघोट्या उठल्या, आणि त्या रेघोट्यांमागे काहीतरी पुसट हललं.  हे करायचं नाही, घासणाऱ्याचेच थर उतरतात, हे तिला नीट कळत होतं. तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. आतून आई विचारत होती की बाहेर काय करतेस.

तिने नवी डबी आणली. पाट घेतला. फडकं ओलं करून दारावर टेकवलं आणि हात गोल फिरवायला सुरुवात केली. समोरून लगेच दुसरा हात आला, तिच्या हाताला लागून फिरू लागला, आणि तिच्या तळव्याला पत्र्यातून ऊब लागली.

काळं झालं. मग लख्ख झालं. नाना दिसले. त्यांनी तिला पाहिलं, तिच्या हातातलं फडकं पाहिलं, आणि आपला हात एकदम मागे घेतला. ते मान हलवत होते. नको म्हणत होते, पुन्हा पुन्हा, जोरात.

पण तोवर दाराने पुन्हा धूळ धरली होती. त्यांचा चेहरा नीट दिसेना, म्हणून तिने फडकं परत टेकवलं.